कासवाच्या पाठीवरचं वाळवण

गेल्या उन्हाळ्यात मी एका महाकाय कासवाच्या पाठीवर झोपडी बांधून राहत होतो. (टपाल मात्र नागपूरच्या पत्त्यावरच येत होतं.)

त्याचं असं झालं की मी निवृत्त झालो. निवृत्त माणूस घरात बसला की त्याला मतं फुटतात. मलाही फुटली. फ्रीजमध्ये कोथिंबीर कुठल्या कप्प्यात ठेवावी, कणकेत पाणी किती घालावं, केरसुणी उभी ठेवावी की आडवी, या सगळ्या विषयांवर मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवसभर सल्ले देऊ लागलो. सुनंदा सहनशील आहे, पण तिच्या हातात लाटणं असतं. प्रकरण हातघाईवर येण्याआधी आमच्या लेकीनं, पूर्वानं, त्यात उडी घेतली. ती इथल्याच मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. तिनं आपलं व्हिडिओ गेमचं यंत्र हॉलमधल्या टीव्हीला जोडलं आणि दोन मुठींत धरायचं एक बटणांचं खेळणं माझ्या हातात दिलं.

"बाबा, हे खेळा. यात कितीही मतं द्या, आईले त्रास नाही!"

मला वाटलं, धाडधाड गोळ्या झाडायच्या असतील. पण या गेममध्ये बंदूकच नव्हती! चहूकडे समुद्र, त्यावर सकाळचं धुकं, आणि मी एका हिरव्यागार बेटावर एकटाच उभा. हातात एक काठी आणि एक फुटकं मडकं. म्हटलं, चला, बेट तर बेट. तेवढ्यात बेटानं मान वर केली आणि वळून माझ्याकडे पाहिलं! ते बेट नव्हतंच. ते कासव होतं. मी टीव्हीसमोर चक्क उठून उभा राहिलो आणि त्याला नमस्कार केला.

आता सांगतो त्या गेमची खुबी. कासव कुठे जाणार, ते कासव ठरवणार. आपण फक्त विनवणी करायची. त्याच्या मानेच्या ज्या बाजूला गोड गवत लावाल त्या बाजूला ते हळूच वळतं, तेही मनात असेल तर! थंड समुद्रात गेलं की थंडी, ढगाखाली गेलं की पाऊस. त्याच्या पाठीवरचीच माती, त्याच्याच पाठीवरची झाडं. त्यातूनच दोरी वळायची, चूल मांडायची, झोपडी उभारायची. पण पाठ जास्त खणली की ते अंग झटकतं आणि झोपडी समुद्रात. फारच जाच केलात तर ते सरळ बुडी मारतं आणि संसार संपतो. थोडक्यात, ज्याच्या जिवावर जगायचं त्याची मर्जी सांभाळून राहायचं. (लग्न झालेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नव्हतं, तरी गंमत वाटत होती.)

आणि ते किती सुंदर होतं! संध्याकाळी कासव चालता चालता खोल आवाजात गुणगुणायचं. त्या आवाजानं माझ्या झोपडीतली भांडी थरथरायची. वाटेत बुडालेल्या होड्यांतली माणसं भेटायची, त्यांना दोर टाकून वर घ्यायचं. एक म्हातारी कोळीण वर आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात शिंपल्यांची माळ लावून गेली! मी नोकरीत इतकी वर्षं काढली, कोणी टेबलावर फूलही ठेवलं नव्हतं. ज्यानं कोणी हा गेम बनवला, त्याला मी मनातल्या मनात रोज हात जोडत होतो.

सुनंदाला मात्र यातलं काही पटत नव्हतं.

"सिंकचा नळ दिवाळीपासून टपकून राहिला! त्याले हात लावत नाही, अन् तिकडे झोपडीवर झोपडी बांधून राहिले!"

"अवं, तिकडे बटण दाबलं का दोरी आपोआप बांधली जाते!"

"मंग नळाले बी बटण बसवून घ्या!"

तिचा वैताग रास्त होता, कारण पूर्वाचं लग्न तोंडावर आलं होतं. मुलगा अमरावतीचा, चांगला हसरा. पण साखरपुड्याच्या दिवशी त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, पेढा खाता खाता सहज म्हटलं, "आजकाल रुखवताचं सगळं विकतचंच असते, नाही का हो? आम्ही काही मनावर घेत नाही."

त्यांनी मनावर घेतलं नाही, पण सुनंदानं घेतलं! घरी येईपर्यंत तिनं ऑटोतच जाहीर केलं, "माह्या पोरीच्या रुखवतात विकतचा एक पापड दिसला तर नावाची सुनंदा नाही!" रुखवताच्या ऐन मध्यभागी घरी केलेल्या कुरडयांची रास मांडायची, असं ठरलं. विहीणबाईंच्या चष्म्यासमोर.

कुरडयांसाठी काटोलकडून माझ्या सासूबाई आल्या. येताना त्यांनी स्वतःचा पितळी सोऱ्या साडीत गुंडाळून आणला होता, कारण दुसऱ्याच्या सोऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, आणि इतक्या वर्षांत मला एक शब्दही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. त्या हॉलमध्ये शिरल्या आणि टीव्हीसमोर थबकल्या.

"हे काय होय, जावईबापू?"

"कासव हाय, आई. मी त्याच्या पाठीवर राहतो."

त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. लग्नानंतर प्रथमच!

"बुटं घालून? देवाच्या दारातल्या कासवाले आपण पह्यले हात लावून पाया पडतो, अन् तुम्ही त्याच्या पाठीवर बुटं घालून नाचून राहिले? काढा पह्यले!"

मी काढले. (तशी सोय गेममध्ये आहे. कोणी वापरत असेल असं वाटत नाही.) कासवाच्या पाठीवरचे शिंपले तळपायांत घुसू लागले आणि पडद्यावरची आयुष्याची लाल रेघ भराभर आखडू लागली.

"आई, जीव कमी होऊन राहिला माझा!"

"होऊ द्या. पुण्य वाढून राहिलं!"

एवढं बोलून त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या, त्या बसल्याच. सुनंदा स्वयंपाकघरात गहू भिजवत होती, त्यांचं पाणी बदलत होती, वाटत होती, चीक गाळत होती. आणि तिची सख्खी आई हॉलमध्ये माझ्यासोबत कासवाला गवत घालत होती. सासूबाईंना सगळ्यात आवडलं ते तिथलं वाळवण. त्या गेममध्ये अन्न टिकत नाही, म्हणून मासे आणि शेवाळाच्या वड्या उन्हात वाळवून ठेवाव्या लागतात. वाळवण म्हटल्यावर सासूबाई जणू माहेरीच गेल्या. "पलटवा ना त्या वड्या, खालून ओल्या राहतीन!" "आज गुरुवार हाय, मासोळ्या कायले मांडल्या?" त्यांच्या देखरेखीखाली माझ्या कासवाच्या पाठीवर दुष्काळालाही पुरून उरेल एवढं वाळवण उभं राहिलं.

आणि मग खऱ्या कुरडयांचा दिवस आला. सुनंदा पहाटेच उठली. मोठ्या पातेल्यात चीक शिजवताना वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. शेजारच्या बायका आल्या, मी वाटीभर गरम चीक साखर घालून खाल्ला (माझा सहभाग एवढाच), आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर चादरींवर चादरी कुरडयांनी भरून गेल्या. इतक्या सुबक, इतक्या पांढऱ्या की मलाही अभिमान वाटला.

"आता ऐका," सुनंदा पर्स खांद्याला लावत म्हणाली. "मी अन् पूर्वा इतवारीत जाऊन राहिलो, शालू आणायले. तुम्ही अन् माय राखण करा. कबुतरं, माकडं अन् आभाळ. तीनच गोष्टी!"

"तीनच ना!" मी हसून म्हणालो.

मी प्रामाणिकपणे गच्चीवर गेलो, जुनी काळी छत्री उघडून बसलो. एप्रिलचं नागपूर! गच्चीवर एकही कबूतर नव्हतं, कारण कबुतरांना अक्कल असते. थोड्या वेळानं माझं डोकं आतून शिजायला लागलं, तेव्हा फक्त पाणी प्यायला म्हणून मी खाली आलो. हॉलमध्ये आमचा नेहमीचा उन्हाळी अंधार होता: खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, कूलर घोंघावत असलेला. टीव्हीवर कासव मान वळवून वाट बघत होतं, आणि खुर्चीत सासूबाईही.

"जावईबापू, जरासा चारा घालून द्या त्याले. सकायपासून उपाशी हाय, बिचारं."

उपाशी जीवाला नाही कसं म्हणायचं? मी बसलो. चारा घातला. पण कासवाला आज वेगळीच लहर आली होती. ते सरळ एका काळ्याकुट्ट ढगाच्या दिशेनं निघालं!

"वळवा! वळवा त्याले! वाळवण बाहेर हाय!"

मी मानेच्या डाव्या बाजूला गवताचा ढीग लावला. कासव ढिम्म! वारा सुटला. माझी झोपडी करकरू लागली. पहिली वीज चमकली, आणि मग असा काही गडगडाट झाला की सोफ्याच्या खाली कंप जाणवला.

"काय आवाज टाकला हो गेमवाल्यानं!" मी ओरडलो. "अगदी डोक्यावर ढग फुटल्यासारखं वाटून राहिलं!"

"कूलर बी काय गार हवा देऊन राहिला आज!" सासूबाई पदर घट्ट ओढत म्हणाल्या.

"आई, मले तर मातीचा वासही येऊन राहिला!"

"मले बी! लय मेहनत केली बाप्पा त्या गेमवाल्या पोरानं!"

मी पळत होतो, मासे उचलत होतो, वड्या झोपडीत टाकत होतो. सासूबाई उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. गारांचा मारा सुरू झाला. तडतड, ताडताड! किती खरा आवाज! कोळीण म्हातारी मदतीला धावली. शेवटचा मासा उचलायला मी वाकलो, आणि फट्‌! वीज गेली. टीव्ही काळा झाला. कूलर थांबला.

पाऊस मात्र चालूच राहिला.

आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. तडतड, ताडताड. सासूबाईंनी सावकाश माझ्याकडे मान वळवली, अगदी त्या कासवासारखी.

"जावईबापू... हा आवाज कुठून येऊन राहिला?"

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. गच्चीवर गारांचा सडा पडला होता आणि त्यात कुरडया उरल्याच नव्हत्या. चिकाचा एक पांढरा ओहोळ चादरींवरून वाहत गच्चीच्या पन्हळीकडे चालला होता, आणि पन्हळीखाली उभ्या असलेल्या शेजारच्या लांजेवारांच्या नव्या स्कूटरला दुग्धाभिषेक होत होता! मी काय करावं? मी चिकाचंच रिकामं पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि हातांनी चीक ढकलून परत चादरीवर चढवू लागलो. सासूबाई जिन्याच्या दारात उभ्या होत्या. तशातही त्यांनी जावयाचा मान सोडला नाही.

"तुमचं काही चुकलं नाही, जावईबापू. कासवच ढगाखाली गेलं."

तेवढ्यात सुनंदा आली. चिंब भिजलेली, शालूची पिशवी पदराखाली पोटाशी धरलेली. मागे पूर्वा. सुनंदानं गच्चीकडे पाहिलं, मग डोक्यावर पातेलं घेतलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"काय करून राहिले होते तुम्ही?"

खोटं बोलणं मला जमत नाही, आणि पातेल्यात तर आवाजही घुमतो.

"वाळवण झाकून राहिलो होतो."

"कोणतं?"

"...कासवावरचं."

मला वाटलं, आता लाटणं येणार. पण ती ओरडली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली आणि आपल्या लाल झालेल्या हातांकडे बघत रडायला लागली. "त्या बाईसमोर आता विकतचंच मांडा," एवढंच म्हणाली. मला खरंच शरम वाटली. इतकी की डोक्यावरचं पातेलं काढायचंही सुचलं नाही.

पुन्हा गहू भिजले. पण चीक तयार झाला तरी आभाळ उघडायचं नावच घेईना. एप्रिल महिना, नागपूर, आणि ऊन नाही! सगळं घर सुतकात असल्यासारखं बसलेलं. तेव्हा मला माझं कासव आठवलं. थंड समुद्रात ऊन नसलं की आम्ही वड्या त्याच्या नाकपुडीजवळ मांडायचो. तिथे त्याच्या श्वासाचा कोरडा, उबदार वारा येतो.

"कूलर!" मी उठून उभा राहिलो. "पाणी काढून टाका, गवताच्या ताट्या काढा, नुसता पंखा फिरू द्या! हेच आपलं नाक!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनंदा चीक शिजवायला उठली. एका अर्थी हा कूलर म्हणजे माझी जाहीर माफीच होती. मी उत्साहानं खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोऱ्या बांधल्या, त्यांवर जुन्या साड्या ताणल्या, साड्यांवर ओल्या कुरडया आल्या. गेममध्ये बटण दाबलं की गाठ पक्की बसते. इथे मी अंगठ्यानं पुष्कळ दाबली, पण बसली नाही! पूर्ण डोलारा सोफ्यावर आणि सोफ्यावर बसलेल्या माझ्यावर आला.

"तुम्ही सरका," सुनंदा दातओठ खात म्हणाली. उरलेल्या चिकाच्या कुरडया तिनं घरातल्या एकूण एक ताटांवर, सुपांवर घातल्या. शेवटी जागाच उरली नाही, तेव्हा वेळूचं मोठं टोपलं पालथं घालून माझ्यासमोर ठेवलं. "यावर तुम्ही घाला. सुट्या सुट्या! बोटभर जागा सोडून!"

आता गेममध्ये वाळवणाच्या फळीवर एकही घर रिकामं सोडायचं नसतं. हाताला सवय लागलेली. मी टोपल्यावर कुरडईला कुरडई भिडवून, एक तिळाएवढी फट न ठेवता, सगळं भरून टाकलं आणि समाधानानं मागे सरकून पाहिलं.

कूलर फिरला. कुरडया वाळल्या! पण ताटांवरच्या ताटांना अशा चिकटल्या की निघाला तो नुसता चुरा. आणि टोपल्यावरच्या सगळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच एक घुमट झाला होता. अख्खा उचलला तरी तुटेना. सुनंदानं तो हातात घेतला. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

आणि पूर्वा खो खो हसायला लागली.

"आई, रडू नको वं! नीट पाह्य तर! कासव होय हे!"

खरंच कासव होतं! कुरडयांच्या गोल गोल जाळ्या पाठीवरच्या खवल्यांसारख्याच दिसत होत्या. मग घराला अंगात आल्यासारखं झालं. नारळाचं डोकं बसलं, मिऱ्यांचे डोळे बसले, सासूबाईंनी रातोरात कणकेच्या सरगुंड्यांचे पाय वळले. पाठीवर शेवयांच्या काड्यांची एक झोपडी उभी राहिली. (ती मी बांधणार होतो, पण मला हात लावू दिला नाही.)

लग्नाच्या दिवशी विहीणबाई चष्मा पुसत रुखवत पाहायला आल्या. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती, आणि तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या. विहीणबाई कासवासमोर थांबल्या. पुढे वाकल्या. आणि देवळात करतात तसा, सवयीनं, त्यांनी कासवाच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला!

झालं! त्यांच्या मागच्या सगळ्या बायकांनी रांगेनं तेच केलं. कोणी हळदकुंकू वाहिलं, कोणी फूल ठेवलं. विहीणबाईंनी चष्मा पुन्हा पुसला. मग सुनंदाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "हे कुठल्याच बाजारात विकत नाही मिळत हो! कसं सुचलं तुम्हाले?"

सुनंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"ह्यांलेच सुचलं," ती म्हणाली. "ह्यांचा मोठा अभ्यास हाय कासवांचा."

(हळदकुंकू वाहिल्यामुळे ते कासव कोणाला तळता आलं नाही. बरंच झालं, कारण त्याला कूलरचा वास येत होता.)

पूर्वा सासरी गेली आणि घर एकदम गप्प झालं. पूर्वाच्या खोलीचं दार आम्ही दोघंही उगाचच उघडायचो आणि लावायचो. एका दुपारी सुनंदाच म्हणाली, "लावा ना तो तुमचा गेम. पोरगी यंत्र ठेवून गेली हाय. पाहू तरी, काय होतं त्याच्यात एवढं."

मी आनंदानं लावला. पण वीज अचानक गेल्यानं गेम थोडा मागे गेला होता आणि तिथूनच सुरू झाला: ऐन वादळात, सगळं वाळवण पुन्हा बाहेर! लग्नाच्या धावपळीत मी बटणं विसरलो होतो. उचलायचं बटण कोणतं, हे आठवेपर्यंत मी दोनदा समुद्रात पडलो, आणि तेवढ्यात सगळे मासे, सगळ्या वड्या भिजून त्यांचा लगदा झाला. एकाच पावसात दोन ठिकाणचं वाळवण भिजवणारा माणूस अख्ख्या विदर्भात मीच एकटा असेन.

"सरका," सुनंदा म्हणाली आणि खेळणं माझ्या हातातून काढून घेतलं. "पह्यले पायातले बुटं कसे काढतात ते सांगा, अन् मंग जाऊन तो नळ पाहा."

मी सिंकखाली आडवा झालो. नळ माझ्या कानात टपकत होता आणि हॉलमधून कासवाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. इतका हरखलेला आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"अहो! ते माह्याकडे पाहून राहिलं! किती गोड डोळे हाय त्याचे! अन् हे पाहा, वड्या बी घातल्या मी वाळत!"

"वा वा!" मी सिंकखालून ओरडलो. "मी येऊ का राखणीले?"

"काही गरज नाही," ती म्हणाली. "कासव हाय ना!"